दोन डाव्या बाह्या

४ एप्रिल

चि. टाचणीस,

पाकीट फाडून टाकायच्या आधी एवढं वाच. समेट करायला लिहीत नाहीये. काम आहे.

फोनच केला असता, पण तू उचलत नाहीस. आणि उचललास तरी तिसऱ्या वाक्याला आपण दोघी बहिणी एकमेकींवर खेकसायला लागतो. पत्रात निदान मला माझं म्हणणं पुरं करता येतं, मध्ये तोंड घालायला तू नसतेस.

तर काम असं. जिचा शाळेचा युनिफॉर्म तू शिवायचीस, गुडघ्याला कायम मलमपट्टी लावलेली ती पोरगी, ती आता डॉक्टर झालीय. इथल्याच हॉस्पिटलात आहे. परवा शटरबाहेर लांब उभी राहून म्हणाली, "ताई, आमच्याकडचे गाऊन संपलेत. रेनकोट घालून पेशंट तपासतोय आम्ही. काहीतरी करा." मी म्हटलं, बेतून देते, त्यात काय. कापड त्यांनीच आणून टाकलं. पण शिवणार कोण? माझ्याकडे शिवायला येणारी बाई सगळं बंद व्हायच्या आदल्या दिवशी आईकडे गेली ती तिकडेच अडकली. आणि मला मशीनवर एक टीप सरळ मारता येत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे.

म्हणून बेतलेले तुकडे पाठवतेय. हॉस्पिटलची गाडी औषधं घेऊन तुझ्या गावाकडे येते, ड्रायव्हर दारात गठ्ठा ठेवेल. शिवून झालं की त्याच्याच हाती दे. सोपं काम आहे. गाऊनची बाही पुढून-मागून सारखीच, डावी कुठली नि उजवी कुठली बघायची भानगड नाही. गप्पा मारत शिवशील.

माझं छान चाललंय. खाली दुकान, वर खोली, जिना चढला की घरी. लोकांना आता घरात बसायचं कळतंय, मी तर जन्मभर अशीच आहे.

आणि हो, तुझ्या मशीनच्या जागी मी कपाट करून घेतलंय. मोठं, भिंतीत पक्कं बसवलेलं. तेव्हा परत यायचं मनात असलं तरी जागा नाही. सहज सांगून ठेवलं.

ताई टेलर्सकरिता,
ताई

(पाटीवर अजून तेच लिहिलंय. बदललेलं नाही.)


२० एप्रिल

चि. टाचणीस,

गाऊन मिळाले. सोबत तुझी चिठ्ठीही मिळाली. "माल शिवला. पाठवला." एवढा शब्दांचा पाऊस पाडायची काही गरज नव्हती.

डॉक्टरीणबाईने गाऊन उलटा करून आतली शिवण बघितली आणि म्हणाली, "हे धाकट्या मावशींचं काम." मी विचारलं, कशावरून? तर म्हणे लहानपणी तिचा युनिफॉर्म खेळून खेळून कापड फाटेपर्यंत टिकायचा, पण शिवण उसवायची नाही. खरं तेच बोलली ती.

तू असतीस तर इथेच भांडण सुरू झालं असतं, की बघ, गिऱ्हाइकाला कळतं आणि तुला कळत नाही. सात वर्षांपूर्वी पाटीवरून झालं तेच. नवीन पाटीवर दोघींची नावं का नकोत, असं तू म्हणालीस, लोक मला ओळखतात असं मी म्हणाले, मग तू म्हणालीस मी काय नुसती टाचणी आहे का, आणि मी म्हटलं तू मला कात्री म्हणतेस ते चालतं का. पुढचं दोघींनाही पाठ आहे. संध्याकाळी तू मशीन टेम्पोत घातलंस आणि लेकीकडे गेलीस. ते असो. कामाच्या पत्रात हे आलं कुठून.

इथली गंमत सांगते. समोरच्या गच्चीत ते निवृत्त पीटीचे सर आहेत ना, शिट्टी गळ्यात घालून झोपणारे, ते रोज सकाळी साऱ्या गल्लीला व्यायाम शिकवतात. आपापल्या खिडकीत उभं राहायचं आणि ते सांगतील तसे हातपाय हलवायचे. माझ्याकडे बघून ओरडले, "शिंपीणबाई, हात खांद्याच्या वर!" मी म्हटलं, सर, माझे हात आयुष्यभर टेबलाच्या वर गेले नाहीत, आता काय जाणार. खिडकी लावून घेतली. नसती कटकट.

टीव्ही चालू ठेवते दिवसभर. बातम्या त्याच त्याच, आज इथे किती गेले नि तिथे किती. पण घरात आवाज असलेला बरा. दुकानातल्या पुतळ्यालाही मी मास्क घातलाय. त्याच्याशी बोलते मधूनमधून. उलट उत्तर देत नाही, हा त्याचा मोठा गुण.

खाण्याचं म्हणशील तर एकदाच रांधते, दोन दिवस जातं. एकटीसाठी रोज कोण चूल पेटवणार. चहा मात्र होतो बऱ्याचदा.

पुढचा गठ्ठा सोबत आहे.

ताई


१२ मे

चि. टाचणीस,

बँकेतले काका गेले. तेच, पँट कायम दोन बोटं आखूड वाटणारे आणि दर खेपेला "ताई, खालची पट्टी थोडी सोडा" म्हणणारे. मार्चमध्ये पँट टाकून गेले होते. मी सोडली पट्टी, इस्त्री केली, हँगरला लावली. न्यायला यायच्या आतच सगळं बंद झालं, आणि मग ते हॉस्पिटलात. घरच्यांनाही लांबूनच बघता आलं. पँट अजून दारामागे लटकतेय. रोज दिसते. काढून ठेवायला हवी, पण ठेवायची कुठे?

मला फार वाईट वाटलं असं काही नाही. गिऱ्हाईकच ते. वय झालं होतं.

झोपेचं विचारलं नाहीस, तरी सांगते, भरपूर झोपते. दुपारी पडले की संध्याकाळ होते. कोणाला कुठे जायचंय?

आता तुझ्यासाठी एक गोष्ट. गाऊनच्या गठ्ठ्यात खाली वेगळ्या कागदात गुंडाळलेलं आहे, ते हॉस्पिटलचं नाही. आईचं निळं लोकरी कापड आठवतं? कोट शिवायचा म्हणून तिने घेतलं, आणि आधी तुझं, मग माझं, मग गिऱ्हाइकांचं करता करता तिचा कोट राहिलाच. ट्रंकेत तळाशी होतं. कसर लागलेली नाही, मी उन्हाला धरून पाहिलं. म्हटलं, कोणासाठी ठेवायचं आता. तुला थंडी बाधते. लहानपणी माझ्या पांघरुणात पाय खुपसायचीस, बर्फासारखे.

तुझ्या मापाने कोट बेतलाय. माप विचारलं नाही, छाती, उंची, मुंढा, बाही सगळं मला पाठ आहे. सुटली असशील तर ते तुझं तू बघ, शिवणीत कापड सोडलंय. कापड अगदी नेमकं होतं. दुहेरी घडी घालून बेतता येईना, म्हणून सगळं उलगडून एकेक तुकडा वेगळा बेतला. चिंधीसुद्धा उरली नाही. तेव्हा शिवताना जपून. चुकलीस तर दुसरं कापड आणायला आई नाही.

आवडला नाही तर तसं सांग. मनात ठेवू नकोस, तुला सवय आहे.

ताई


२४ मे

टाचणे,

सात वर्षांनी फोन केलास आणि हॅलोसुद्धा म्हणाली नाहीस. "ताई, झोपतेस का गं नीट?" हे विचारायची काही पद्धत आहे?

मी म्हटलं, माझ्या झोपेशी तुला काय करायचंय, कोट मिळाला का ते सांग. तू म्हणालीस मिळाला. मी म्हटलं, मग? मला वाटलं रेंज गेली. मग म्हणालीस, "ताई, दोन्ही बाह्या डाव्या आहेत."

मी फोन ठेवला ते रागाने. तू मुद्दाम खोड काढतेयस असं वाटलं. पण मग बाही आखायचा पुठ्ठा काढून टेबलावर ठेवला. त्याच्या एकाच बाजूला निळी लोकर लागली होती. घडी न घालता बेतताना एक बाही झाली की पुठ्ठा पालथा करायचा, तेव्हा दुसरी बाही उजवी होते. हे तर मी तुला शिकवलंय, तू फ्रॉकमध्ये होतीस तेव्हा. आणि मीच पुठ्ठा पालथा केला नाही. आईच्या कापडात.

टेबलाशीच बसले आणि रडले. तुला सांगायला लाज वाटत नाही आता. आधी कापडासाठी रडले, मग बँकेतल्या काकांसाठी, आणि मग कशासाठी ते मलाही कळेना.

तू पुन्हा फोन केलास तेव्हा मी सगळं बरंय म्हटलं आणि तू म्हणालीस, "ताई, तू तापात बेतलंस, आई गेली त्या आठवड्यात बेतलंस, तेव्हा असं झालं नाही. काय झालंय?" फोनवर सांगायला गेले की मी खेकसते. म्हणून लिहितेय.

मला झोप नाही, टाचणे. काका गेले तेव्हापासून तर अजिबातच नाही. दुपारी पडते हे खरं, पण ती झोप नव्हे, नुसतं आढ्याकडे बघणं. रात्री टीव्ही लावून बसते आणि आपल्या गल्लीतलं कोणी सांगतात का ते ऐकते. खाणं नावापुरतं. कित्येक दिवस तेच कपडे अंगावर असतात, कोण बघणार म्हणून. मी, जी गिऱ्हाइकाच्या कॉलरवरचा डाग लांबून ओळखायची. पुतळ्याशी बोलते ते मी गमतीत लिहिलं होतं. गमतीत बोलत नाही.

आणि एक सकाळ अशी आली की उठावंसंच वाटेना. मरावंसं वाटलं असं नाही गं, घाबरू नकोस. पण उठून करायचं काय, हे काही केल्या आठवेना. गाडीचा ड्रायव्हर शटर वाजवून गेला. मी खाली उतरले नाही. मग पीटीच्या सरांनी गच्चीतून शिट्टीवर शिट्टी मारली. मी खिडकी उघडेपर्यंत थांबले नाहीत. उघडली तर म्हणाले, "हजेरी लागली. बसा आता." आणि त्यांनी डॉक्टरीणबाईला कळवलं.

ती आली, लांबूनच तपासलं म्हणायचं. म्हणाली, ताई, हा तो आजार नाही, पण हाही आजारच आहे. उठायची वेळ एक ठेवा. ऊन घ्या. चाला. बातम्या दिवसातून एकदाच. चहा दुपारनंतर बंद. आणि कोणाशी तरी रोज बोला, माणसाशी. असंच चाललं तर मला गोळ्या सुरू कराव्या लागतील, आणि खाणं सुटलं तर भरती. भरती म्हटल्यावर माझं धाबं दणाणलं. तिथे गेलेल्यांना भेटायला कोणालाच सोडत नाहीत.

मला सगळ्यात भीती कसली वाटते सांगू? माझा हात गेला की काय, ही. आयुष्यात मला एकच गोष्ट येते. ती गेली तर मी कोण?

तू रागावली नाहीस बाह्यांवरून. ते जास्त लागलं.

ताई


११ जून

टाचणे,

तुझी युक्ती चालतेय, कबूल करते. रोज चहाच्या वेळेला फोन लावायचा, स्पीकरवर ठेवायचा आणि बोलायचं नाही. तू मशीनवर बस, मी टेबलाशी. पहिल्या दिवशी मला हे शुद्ध वेडेपणाचं वाटलं होतं. फोन लावून गप्प बसायचं असेल तर लावायचा कशाला. पण तुझं मशीन सुरू झालं आणि माझी कात्री आपोआप चालायला लागली. तू दोरा बदलायला थांबलीस तेव्हा मी थांबले. इतकी वर्षं तशीच तर बेतत होते मी, तुझ्या मशीनच्या मागे-पुढे. तू गेल्यावर दुकान कसं गप्प झालं होतं ते आता लक्षात येतंय.

परवा काम संपलं तरी तू फोन ठेवला नव्हतास. मी खुर्चीत बसल्या बसल्या झोपले. जागी झाले तर तुझं मशीन चालूच. मुद्दाम चालू ठेवलं होतंस ना? खाली कापड तरी होतं का?

डॉक्टरीणबाईचं ऐकते बऱ्यापैकी. चहा सुटत नाही, बाकी सगळं करते. टीव्हीचा रिमोट सरांकडे टोपलीतून धाडून दिलाय. सकाळी खिडकीत उभी राहते. सर म्हणतात, प्रगती आहे, पण डावा-उजवा चुकतोय. मी म्हटलं, सर, ते सगळीकडेच चुकतंय.

काकांची पँट त्यांच्या मुलाला दिली. त्याने दारातच अंगाला लावून बघितली. त्याला अगदी बरोबर होते.

रोज बरं असतं असं समजू नकोस. काल पुन्हा डोळ्याला डोळा नाही. पण सकाळी उठायचं काय म्हणून, हे आता आठवतं.

आणि तू काल जे बोललीस. आपण न बोलायचं ठरवलंय तर मध्येच हळूच म्हणालीस, "ताई, इथे माझं मशीन पॅसेजमध्ये आहे. लेक-जावई दोघं घरून काम करतात, आवाज होतो म्हणून मी खाली घोंगडी घालते." मग जरा वेळाने, "मलाही भीती वाटते गं. मी मार्चपासून दाराबाहेर गेलेली नाही." मला वाटायचं तू तिकडे मजेत आहेस, नातवंडांत, आणि मी एकटीच इथे खुळावतेय. घरभर माणसं असूनही कोणी असं एकटं पडू शकतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आता आपण दोघी घाबरतो, म्हणजे बरंय.

तू पण चाल जरा. निदान गच्चीत. सरांची शिट्टी फोनवरून ऐकवीन.

कोटाचं काय केलंस? मला दाखवू नकोस. पुसायला घे हवं तर.

ताई


१६ नोव्हेंबर

टाचणे,

बस सुरू झाल्या हे मला तुझ्याआधी माहीत होतं. पण ये म्हणायचं धाडस होत नव्हतं. तूच काल म्हणालीस, "येत्या रविवारी निघते." आणि मी काय म्हणाले, तर "बरं". त्यावर तू हसलीस. फोन ठेवल्यावर मी पुतळ्याला मिठी मारली. एकदाच. आता त्याच्याशी फारसं बोलत नाही, रुसला असेल म्हणून.

तुझ्या लेकीने कोटाचा फोटो पाठवलाय. तू पाठवायला सांगितलं नव्हतंस म्हणे. किती वेळ बघत बसले.

मला सुचलं नसतं, टाचणे, खरंच. डावी बाही आतली बाजू बाहेर काढून शिवली की उजवी होते, हे शेंबड्या पोरालाही कळावं. पण मी ते कापड वाया गेलं म्हणून रडत बसले, आणि तू सरळ उलटून लावलीस. एक बाही गडद निळी, दुसरी फिकी, लव आलेली. आई असती तर म्हणाली असती, हे काय नवीन खूळ. आणि मग गल्लीभर घालून फिरली असती.

लेक लिहिते की तू घरातही तोच घालून बसतेस. तिने विचारलं, एक बाही अशी का, तर म्हणालीस, "तुझ्या मावशीला झोप नव्हती तेव्हाची आहे ती." बाकी काही सांगितलं नाहीस. वाचून मला आधी राग आला आणि मग नाही आला.

रविवारी तोच घालून ये. मी स्टँडवर येईन. हो, मी. मार्चनंतर पहिल्यांदाच इतकी लांब जाणार आहे, सर म्हणालेत चौकापर्यंत ते सोबत येतील, पुढे माझी मी. सात वर्षांत तुझे केस किती पिकलेत मला माहीत नाही, माझे सगळे पिकलेत. त्यात सगळ्यांच्या तोंडाला मास्क. चेहरे बघून काही कळायचं नाही. मी बसमधून उतरणाऱ्यांच्या बाह्या बघत उभी राहीन.

मिठी मारायची की लांबूनच, ते डॉक्टरीणबाईला विचारलं. ती म्हणाली, मास्क घालून, तोंड फिरवून, पटकन. पटकनचं मी काही कबूल केलेलं नाही.

पाटी रंगवायला दिलीय. काय लिहायचं ते मोकळंच ठेवलंय, येऊन सांग. "कात्री-टाचणी" लिहिलंस तरी मी हूं की चूं करणार नाही. म्हणजे थोडं करेन.

मशीन टेम्पोत घालून मागोमाग येऊ दे. ठेवायचं कुठे म्हणून विचारशील, त्या कपाटाचं काय करणार म्हणशील. तिथे कपाट नाही. कधीच नव्हतं. तुझ्या मशीनचे चार पाय जमिनीवर जिथे उमटलेत, तिथेच मी रोज फरशी पुसते, आणि तिथे काही ठेवलेलं मला सहन होत नाही.

तुझी,
कात्री